मॉडेल रेल्वे क्लबात नवीन आलात? पहिल्या रविवारपासून काय काय करायचं

मे महिन्यात आमचं प्रदर्शन झालं की दर वर्षी दहा-पंधरा जण नंबर घेतात आणि आठवड्याभरात मेसेज येतात, क्लबमध्ये यायचंय, काय करावं लागेल, आणि त्याच्या खालीच लगेच दुसरा मेसेज, कुठली गाडी घेऊ. त्यांच्यासाठी एकदाच नीट लिहून काढते. मी स्वतः सहा वर्षांपूर्वी मुलाला सोडायला म्हणून गेले होते, तो आता बारावीत आहे, त्याला वेळ नाही, पण माझा रविवार सकाळ दहा ते एक तिथेच जातो, त्यामुळे नवीन माणूस कुठे अडखळतो, कुठे बुजतो आणि कशामुळे तिसऱ्या आठवड्यानंतर यायचा बंद होतो हे मी जवळून बघितलंय.

एक गोष्ट आधीच सांगते. गाड्या आमच्याकडे भरपूर आहेत, कमी पडतात ते हात. जुन्या मेंबर्सपैकी निम्मे साठीच्या पुढचे आहेत, त्यांना टेबलाखाली वाकून वायर जोडणं जमत नाही, मॉड्यूल (रूळ बसवलेले टेबलाचे सुटे तुकडे) उचलणं जमत नाही, आणि प्रदर्शनात आठ तास उभं राहणं तर नाहीच. म्हणून नव्या माणसाकडे पैसे किती आहेत हे कोणी विचारत नाही, रविवार मोकळा आहे का एवढंच विचारतात.

आधी नुसतं बघून या

कोथरूडला संगम प्रेस रोडवर जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, १९९८ पासून. पुण्यातल्या कितीतरी लोकांनी ते शाळेच्या ट्रिपमध्ये बघितलेलं असतं आणि मग विसरलेलं असतं. आता मोठेपणी परत जा, वेळ आधी फोन करून विचारा, आणि या वेळी गाडीच्या मागे मागे नजर नेऊ नका. सिग्नल कधी बदलतो, गाडी कुठल्या तुकड्यात थांबते आणि दुसरी कधी सुटते, बोगद्यात शिरलेली गाडी बाहेर यायला किती वेळ लावते, ते बघा. हे सगळं कोणीतरी टेबलाखाली बसून जोडलेलं आहे, आणि तुम्ही क्लबमध्ये येऊन जे करणार आहात ते बरंचसं हेच.

मग क्लबच्या एखाद्या रविवारी या. पहिल्या दिवशी काही आणू नका. विचारायची लाज वाटू देऊ नका, पॉइंट म्हणजे काय, लूप म्हणजे काय, इथे सगळ्यांनी कधीतरी विचारलेलं आहे. पॉइंटला, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते त्या जागेला, आमच्यातले रेल्वेतून रिटायर झालेले काका अजून सांधाच म्हणतात आणि तो बदलणाऱ्याला सांधेवाला, तुम्हीही तसंच म्हणा, कळतं सगळ्यांना.

गाडी विकत घ्यायची घाई नको

हे मी इतक्यांदा सांगते की लोकांना वाटतं मला त्यांच्या खरेदीत काही अडचण आहे. तसं नाही. थोडा हिशोब करून दाखवते.

आमचा मोठा लेआउट (रूळ आणि देखाव्याचा सगळा पसारा) एचओ स्केलचा आहे, म्हणजे खऱ्याचा ८७ वा भाग. आपला जुना आयसीएफचा (चेन्नईच्या कारखान्यातला) निळा डबा साधारण २१.३ मीटर लांब, भागिले ८७ केलं की साडेचोवीस सेंटिमीटर येतात. २२ डब्यांची एक्स्प्रेस लावली तर नुसते डबेच पाच मीटर चाळीस, इंजिन धरून साडेपाच मीटरच्या वर. ही गाडी तुमच्या हॉलमध्ये उभीसुद्धा राहणार नाही, वळणं तर लांबच. म्हणून तर क्लब लागतो. घरी जागा कमी असेल तर एन स्केल आहे, १६० वा भाग, दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, फक्त ९ मिलिमीटर, ते टेबलावर मावतं, पण मग तुमची गाडी क्लबच्या मोठ्या लेआउटवर चालणार नाही. हे न कळता लोक ऑनलाइन काहीतरी मागवतात, बऱ्यापैकी पैसे घालवतात आणि पहिल्याच रविवारी हिरमुसतात, एक मुलगा तर त्यानंतर परत आलाच नाही, मला अजून वाईट वाटतं त्याचं. तीन महिने क्लबच्या गाड्या चालवा, मग काय आवडतं ते आपोआप कळतं.

आणि हो, प्रदर्शनात कोणी जाणकार तुम्हाला विचारणारच की रूळ थोडे अरुंद दिसतायत, तर त्याचं उत्तर हे, खरं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, त्याचा ८७ वा भाग १९ मिलिमीटरच्या वर जातो, पण एचओचे तयार रूळ मिळतात ते १६.५ मिलिमीटरचे कारण ते परदेशातल्या १४३५ च्या गेजवर बेतलेले आहेत, तेव्हा आपलं ब्रॉडगेज मॉडेलमध्ये थोडं आखडतं. उलट आपली बार्शी लाइट ही नॅरोगेज रेल्वे, १८९७ ला सुरू झालेली, तिचं गेज तेव्हा ७६२ मिलिमीटर, त्याचा ८७ वा भाग पावणेनऊच्या आसपास, म्हणजे एन स्केलचे ९ मिलिमीटरचे रूळ घेतले की एचओमध्ये बार्शी लाइट जवळजवळ मापात बसते. आमच्यातला एक जण सध्या त्यावर काम करतोय आणि त्याला मदतीला माणूस हवाय.

पहिलं काम, रूळ पुसणं

नवीन आलेल्याला आम्ही पहिल्यांदा हेच देतो, आणि काहींना वाटतं की कोणालाच नको असलेलं काम गळ्यात मारलं. तसं अजिबात नाही, मी सहा वर्षांनंतरही महिन्यातून एकदा मुद्दाम पुसायला घेते.

जुना सुती बनियन किंवा धागे न सुटणारं कापड घ्यायचं, बोटाला गुंडाळायचं, त्यावर थोडं आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि रुळाच्या वरच्या अंगाला हलक्या हातानं पुसत जायचं. एक फूटभर पुसलं की कापडावर काळी रेघ उमटते. ती काळी रेघच गाडी अडवते, कारण वीज रुळातून चाकात जाते आणि मधे हा थर आला की इंजिन एकदम थांबतं नाहीतर झटके देत चालतं. पॉलिशपेपर घासू नका, बारीक ओरखडे पडतात आणि त्यात मळ आणखी जोरात साठतो. खिडकी उघडी ठेवा, आणि आयपीए चालू असताना शेजारी कोणी सोल्डरिंग करत नाही ना ते बघा, ते पेटतं.

पुसता पुसता बोटाला कळायला लागतं. दोन रूळ जिथे जुळतात तिथे एक रूळ केसभर वर असला तरी बोट अडकतं. तिथे मास्किंग टेपचा छोटा तुकडा लावून ठेवायचा, मग दुरुस्तीवाले बघतात. माझ्या दुसऱ्याच रविवारी मी असे अकरा तुकडे लावले होते आणि काकांनी एकेका ठिकाणी भिंग घेऊन बघितलं, नऊ ठिकाणी खरंच उंचवटा होता. दोन वर्षं जिथे एकच डबा सारखा घसरायचा ती जागा त्यात सापडली. लेआउट कुठे वळतो, कुठे चढतो, कुठला सांधा ढिला आहे, हे दोन-तीनदा सगळा ट्रॅक पुसलेल्या माणसाला जितकं माहीत असतं तितकं नुसती गाडी चालवणाऱ्याला कधीच होत नाही.

मग तुमचं टेबल निवडा

महिनाभर झाला की सुतारकाम, वायरिंग, सीनरी आणि लिहिण्याचं काम यातलं एक धरा. सुतारकामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, १२ मिलिमीटरचा प्लाय, चार बाय दोन फुटांची मॉड्यूल, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणतो, पावसाळ्यात प्लाय फुगतो म्हणून कापलेल्या कडांना प्रायमर लावल्याशिवाय काही जोडायचं नाही. लिहिण्याचं काम म्हणजे वर्गणीची वही, शाळांना पत्रं, हॉलचं बुकिंग, ड्यूटीचा तक्ता. ते करणारं माणूस क्लबला सगळ्यात जास्त हवं असतं आणि ते करायला कोणी पुढे येत नाही, तुम्ही ऑफिसात हेच करत असाल तर प्लीज सांगा.

वायरिंग. तापकीर गल्लीत सगळं मिळतं. दोन जाड वायरी टेबलाखालून सगळीकडे जातात, आणि दर तीन फुटांवर त्यातून बारीक वायर (फीडर) वर काढून रुळाला सोल्डर करायची. रुळांच्या जोडपट्टीवर भरवसा ठेवून फीडर वाचवायचा नाही, आज चालतं, दोन पावसाळ्यांनंतर चालत नाही. सोल्डर करताना खालचे स्लीपर प्लास्टिकचे असतात, ते वितळतात, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवायचा, गन चांगली तापलेली असू द्यायची आणि काम दोन-तीन सेकंदांत संपवायचं. थंड गन दाबून धरली की हमखास स्लीपर जातो. फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ती पेस्ट, रोझिनचाच, पाइपवाल्यांचा ॲसिडवाला नको, तो पुढे वायर खातो.

जोडून झालं की नाण्याची परीक्षा. एक रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवायचं, बूस्टर, म्हणजे रुळांना वीज पुरवणारं यंत्र, ताबडतोब ट्रिप होऊन बंद झाला पाहिजे. झाला नाही तर त्या ठिकाणी वीज नीट पोचत नाहीये, आणि उद्या तिथे गाडी घसरून शॉर्ट झालं तर बूस्टर बंद न होता वायर तापत राहील. मला वाटलं होतं शॉर्ट मुद्दाम कशाला करायचं, तर काका म्हणाले, "ताई, सगळं जागेवर असताना करा, प्रदर्शनात पोरं बघत असताना नको." तेव्हापासून नवीन जोडलेल्या प्रत्येक तुकड्यावर फूट-फूटभर अंतरानं नाणं ठेवल्याशिवाय आम्ही वर खडी घालत नाही.

डीसीसी, म्हणजे डिजिटल पद्धतीनं गाड्या चालवणं, त्याबद्दल नवीन माणसाला एवढंच माहीत असलं तरी पुरे, की रुळात वीज कायम असते आणि प्रत्येक इंजिनाला आपापला नंबर असतो, त्या नंबरला हुकूम दिला की तेच इंजिन हलतं. ही मापं आणि नियम अमेरिकेतल्या एनएमआरए या संघटनेनं ठरवलेत, ती १९३५ पासून आहे, त्यामुळे एका कंपनीचा कंट्रोलर आणि दुसऱ्या कंपनीचं इंजिन एकमेकांना समजतं. नवं इंजिन खोक्यातून येतं तेव्हा त्याचा नंबर ३ असतो. तुम्ही स्वतःचं इंजिन घेतलंत की क्लबच्या लेआउटवर ठेवायच्या आधी तो बदला. मागच्या वर्षी दोघांनी नवी इंजिनं आणली, दोघांचाही नंबर ३, एकानं कंट्रोलर फिरवला आणि दुसऱ्याचं इंजिन, जे टेबलाच्या कडेला अर्धवट जोडलेल्या रुळावर उभं होतं, ते चालत जाऊन खाली पडलं. इंजिनाच्या पाटीवरच्या नंबरचे शेवटचे चार आकडे द्यायचे आणि भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचे, एवढी साधी पद्धत आहे.

आणि सीनरी. यात पुण्याच्या माणसाला काही शिकवावं लागत नाही असं माझं मत आहे, कारण लहानपणी दिवाळीत किल्ला केलेला असतो. गोणपाट, चिखल, विटा, मोहरी किंवा अळीव पेरून हिरवळ, गुहेला काडेपेटीचं दार, हे सगळं केलेला माणूस सीनरीच्या टेबलाला बसला की अर्ध्या तासात हात चालायला लागतो. फरक एवढाच की इथे चिखलाऐवजी थर्माकोलचे थर आणि वर प्लास्टरमध्ये भिजवलेलं बँडेजचं कापड, आणि मोहरीऐवजी रंगवलेला लाकडाचा भुसा आणि बारीक कापलेला काथ्या.

खडीसाठी मात्र एक आपल्याकडची गंमत सांगते. परदेशी पाकिटातली खडी राखाडी असते, आपल्या घाटातली खरी खडी काळी, बेसॉल्टची. म्हणून आम्ही क्रशरवरची बारीक कच आणतो, धुतो, वाळवतो आणि चहाच्या गाळणीनं दोनदा चाळतो. मग सगळ्यात महत्त्वाचं, कागदावर पातळ पसरून वरून चुंबक फिरवायचं. आपल्या काळ्या दगडात लोहाचे कण असतात, चुंबकाला अक्षरशः मिशा फुटतात. ते कण काढले नाहीत तर इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक ते ओढून घेतं आणि मोटर जाम होते. तीन-चारदा चुंबक फिरवा, कागद बदलून परत फिरवा, कंटाळा करू नका.

खडी रुळांच्या मधे पसरायची, मऊ ब्रशनं स्लीपरवरून खाली ढकलायची, रुळाच्या आतल्या अंगाला एकही दाणा चिकटलेला नको. मग पाण्यात भांड्याच्या लिक्विड सोपचे दोन थेंब टाकून बारीक फवारा, आणि त्यावर निम्मं पाणी घातलेलं फेव्हिकॉल ड्रॉपरनं सोडायचं. साबण नसेल तर फेव्हिकॉलचा थेंब खडीवर गोळा होऊन बसतो, आत जात नाही, सगळी रांगोळी विस्कटते. रात्रभर हात लावायचा नाही. सांध्याच्या हलणाऱ्या भागाजवळ फेव्हिकॉल गेलं तर सांधा कायमचा चिकटतो, तिथे खडी अगदी कमी.

सध्या आम्ही बोरघाटाचा तुकडा करतोय, खंडाळ्याच्या खालचा. खरा घाट १८६३ ला सुरू झाला, चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर गेलं की एक मीटर वर. मॉडेलमध्ये एका रुळावरून दुसरा नेण्यापुरती सात सेंटिमीटरची उंची गाठायची तर त्या चढानं २ मीटर ५९ सेंटिमीटर लागतात, आणि तरी आमचं इंजिन आठ डब्यांच्या पुढे चाकं फिरवत एका जागी राहतं. मग खऱ्या घाटात करतात तेच केलं, कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं इंजिन, लावतात तसं मागे दुसरं इंजिन. पुढचं आणि मागचं दोन वेगळ्या माणसांनी एकाच वेगानं चालवायचं, जरा चूक झाली की मधले डबे वळणावर बाहेर. हे शिकायला माणसं हवीत, दोघांची जोडी ठरवून या, नवरा-बायको, भाऊ-बहीण, कोणीही.

प्रदर्शनाचे दिवस

वर्षभर जे करतो ते खरं या तीन-चार दिवसांसाठी. आदल्या दिवशी छोटा हत्ती येतो, मॉड्यूल उभी चढवायची, मधे जुन्या गोधड्या, प्रत्येकाचा नंबर खाली लिहिलेला असतो, त्याच क्रमानं उतरवायची. पायांचे नटबोल्ट मॉड्यूललाच बांधलेल्या कापडी पिशवीत ठेवायचे, एका वर्षी ते वेगळ्या खोक्यात ठेवले आणि खोकं घरीच राहिलं, रात्री नऊला हार्डवेअरचं दुकान शोधत फिरलो.

हॉलवर पोचल्यावर पहिलं काम सॉकेट तपासणं. एका शाळेच्या हॉलमध्ये अर्थिंगच नव्हतं, आम्ही न बघता सगळं लावलं आणि बूस्टर गेला, पहिला सगळा दिवस मुलांना उभ्या गाड्या दाखवल्या. तेव्हापासून टेस्टर आणि आमचा स्वतःचा एक्स्टेंशन बोर्ड सगळ्यात आधी टेम्पोतून उतरतो.

ड्यूटी एक तासाची, जास्त नाही. दोन जण गाडीवर, दोन जण प्रेक्षकांसमोरच्या दोरीजवळ. नवीन माणसानं पहिल्या प्रदर्शनात दोरीजवळ उभं राहावं असं मी म्हणेन, कारण तिथेच सगळं घडतं. तिथे उभं राहून बोलायचं असतं, आजोबांना त्यांच्या वेळची पुणे-मिरज मीटरगेज आठवते, ते ऐकून घ्यायचं असतं, लहान मुलाला दिसत नसेल तर पुढे स्टूल द्यायचं असतं. "हात लावू नको" असं म्हणू नका. "हे बघ, आता हा सिग्नल हिरवा होणार" असं म्हणा, हात आपोआप मागे जातो.

गाडी चालवायला मिळाली तर हळू चालवा. खरी गाडी ताशी ६० किलोमीटरनं जाते तेव्हा आमच्या मापात ती सेकंदाला साधारण १९ सेंटिमीटर जाते, म्हणजे एक डबा खांबासमोरून जायला सव्वा सेकंद लागला पाहिजे. नवीन माणूस हमखास तिप्पट वेगानं सोडतो. मनात "एक… दोन" म्हणत एकेक डबा मोजा, बरोबर बसतं.

मुलांच्या बाबतीत दोन नियम कडक आहेत. कुठल्याही मुलाला घेऊन एकट्यानं आतल्या खोलीत जायचं नाही, कायम दोन मोठी माणसं हवीत. आणि आईवडिलांना किंवा शिक्षकांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो काढायचे नाहीत, क्लबच्या ग्रुपवरही टाकायचे नाहीत. यावर चर्चा नाही.

एका शाळेची भेट

दोन वर्षांपूर्वी अंध मुलांच्या शाळेतून विचारणा झाली. आमच्यात बरीच चर्चा झाली, दाखवायचं काय, हात लावला तर मोडेल, वगैरे. शेवटी आम्ही एक जुना डबा, एक डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन, रुळाचा हातभर तुकडा, एक सिग्नल आणि एक सांधा असं वेगळ्या टेबलावर फळीला पक्कं बसवलं. मी इंजिनाशेजारी होते.

नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा, त्यानं आधी दोन्ही हातांनी इंजिनाची पूर्ण लांबी मोजली, मग बोट खाली नेलं, चाकापाशी थांबला, पुढे सरकवलं, परत थांबला. मग डब्याकडे गेला, तिथेही तसंच. मग परत इंजिनाकडे. आणि विचारलं, "काकू, इंजिनाला तीन-तीन चाकं आणि डब्याला दोन-दोन का?" मी चार वर्षं ते इंजिन हाताळत होते, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण कधी प्रश्न म्हणून आलंच नव्हतं. काका शेजारीच होते, त्यांनी त्याचा हात धरून परत एकेक चाक मोजलं आणि सांगितलं की खरं इंजिन ११२ टनांच्या आसपास असतं, एवढं वजन चारच आसांवर टाकलं तर रुळांना सोसत नाही, म्हणून सहा आस, आणि सहाही आसांना मोटर, म्हणजे सगळीच चाकं ओढतात. डब्याला नुसतं मागे यायचं असतं. मुलगा म्हणाला, "म्हणजे इंजिनाची सगळी चाकं कामाची." मग त्यानं सांधा स्वतः बदलून बघितला, पाच-सहा वेळा, रूळ इकडून तिकडे सरकतो तो बोटानं धरून, आणि दर वेळी कुठली गाडी कुठे जाईल ते सांगितलं, एकदाही चुकला नाही.

त्या दिवसापासून ही फळी क्लबच्या सामानात कायमची आहे, प्रत्येक प्रदर्शनात लावतो, सगळ्या मुलांना हात लावू देतो. वर्षातून दोनदा चाकं बदलावी लागतात, चालतं. या टेबलावर ज्याला थांबायचंय त्यानं आधी स्वतः डोळे मिटून सगळं हातानं बघायचं, मग मुलांसमोर उभं राहायचं. आणि मुलाचा हात ओढून कुठे ठेवायचा नाही, "उजवीकडे थोडं खाली" असं सांगायचं, हात धरायचा तर विचारून धरायचा. हे शाळेतल्या बाईंनी आम्हाला शिकवलं.

गणपती, १ जून वगैरे

गणपतीत मंडळांकडून हलत्या देखाव्यासाठी बोलावणं येतं. जायचं जरूर, पण दहा दिवस रोज संध्याकाळी कोण थांबणार याचा तक्ता आधी, होकार नंतर. एकच इंजिन पाच तास चालवू नका, दोन ठेवा, अर्ध्या अर्ध्या तासानं बदला. वर ॲक्रिलिकचं झाकण हवंच, कारण गुलाल. एका वर्षी आम्ही झाकण केलं नाही, आगमनाच्या मिरवणुकीतला गुलाल रुळांवर, गिअरमध्ये, सगळीकडे, तो तेलात मिसळून असा घट्ट बसला की इंजिन पूर्ण खोलून गिअरचा एकेक दात ब्रशनं साफ करावा लागला. विसर्जनाच्या आदल्या रात्री सगळं काढून घरी न्यायचं, दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यावर टेम्पो येत नाही.

१ जूनला डेक्कन क्वीनचा वाढदिवस. १९३० साली याच तारखेला ती सुरू झाली, आणि पुणे स्टेशनवर रोजचे पासवाले आणि रेल्वेवेडे लोक मिळून सकाळी केक कापतात, गाडी सव्वासातला सुटते, तेव्हा साडेसहापर्यंत फलाटावर पोचा. क्लबचे आम्ही सात-आठ जण जातो. फलाटाच्या कडेच्या पिवळ्या पट्टीच्या मागे उभं राहून फोटो काढायचे, रुळात उतरायचं नाही, कितीही चांगला अँगल मिळत असला तरी.

पावसाळ्यात प्रदर्शनं नसतात, तेव्हा दुरुस्ती आणि शिकवणं चालतं, नवीन यायला तोच काळ सगळ्यात चांगला. जुनी माणसं कधी कधी फटकन बोलतात, विशेषतः कोणी इंजिन छताला धरून उचललं की, ते खालून दोन्ही बाजूंनी धरायचं असतं. मनावर घेऊ नका, पुढच्या रविवारी तेच काका तुमच्यासाठी चहा ओतून ठेवतात. आणि यायला जमणार नसेल तर फक्त कळवा, ड्यूटीच्या तक्त्यात नाव असताना न येणं हे एकच खरं वाईट वाटतं, कारण मग सत्तरीच्या माणसाला दोन तास उभं राहावं लागतं.

एक वाजता आवरायला घेतो. गाड्या खोक्यात, खोक्यावरचा नंबर आणि गाडीचा नंबर जुळवून. सोल्डरिंग गनचा प्लग हातानं काढायचा, नुसतं बटण बंद करून नाही. आयपीएची बाटली कपाटात. मेन स्विच, मग खिडक्या. दाराजवळच्या स्टुलावर वही असते, पुढच्या रविवारच्या पानावर नाव आणि काय करणार ते लिहून जायचं, काही सुचलं नाही तर "रूळ" एवढं लिहा. पेन वहीला दोऱ्यानं बांधलेलं आहे.